दोन हजार बत्तीस

सेलूच्या स्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा, फॉर्म.
लॅपटॉप नांदेडहून आणलेला, कुणाचा तरी वापरून झालेला.
लाइट गेली की विझतो
आणि उठतो तेव्हा त्याच्या मते
एक जानेवारी दोन हजार दहा, रात्रीचे बारा.

रोज.
बाहेर शटरला हात लावता येत नाही इतकं ऊन,
आणि आत, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात,
थंडीतली मध्यरात्र.

अशा अवस्थेत त्याला कुणी दारात उभं करत नाही.
बँक म्हणते, माझं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही.
सरकारी साइट म्हणते, इथं धोका आहे, मागं फिरा.
चूक त्यांचीही नाही.

समोर खुर्चीवर द्वारकाबाई कांदे.
अंगणवाडी मदतनिसाचा फॉर्म, आज शेवटची तारीख.
"जन्मतारीख?"
"एक जून."
विचारायची गरजच नव्हती.
आमच्याकडं निम्मा तालुका एक जूनला जन्मलाय,
गुरुजींच्या दौतीतून, एका बैठकीत.
"आणि खरी?"
"खरी कुनाला ठावं. ज्वारी हुरड्यात आली व्हती म्हनं."
हुरडा, म्हणजे जानेवारीच्या अलीकडं पलीकडं.
मी लॅपटॉपकडं पाहिलं.
त्याला निदान महिना तरी माहीत होता.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, 'आता जुळवा' दाबलं.
दोनदा नाही म्हणाला.
तिसऱ्यांदा त्याचा प्रश्न निघाला: किती वाजले?
कुठं जातो हा प्रश्न, मला माहीत नाही.
ज्याला विचारतो तो वरच्याला विचारून बसलेला,
वरचा आणखी वरच्याला.
उत्तर येतं, पण वाटेत शिळं होऊन येतं.
म्हणून हा जाण्यायेण्याचा वेळ मोजतो,
निम्मा करतो, उत्तरात मिळवतो,
मग मानतो.

एवढा हिशोब मी कधी कुणाच्या उत्तराला लावला नाही.
परभणीहून तिचं पत्र आलं तेव्हा ते आठ दिवसांचं होतं.
मी ते त्याच दुपारचं समजून वाचलं,
आणि त्याच दुपारी तसंच उत्तर टाकलं.

फॉर्म गेला. चार वाजून अकरा मिनिटं.
जन्मतारखेत एक जूनच टाकली.

शेजारचे अजीमोद्दीन चाचा भिंग कपाळावर चढवून आले.
पूर्वी रेडिओची टीं टीं ऐकून
दुकानातली सगळी घड्याळं मिळवायचे.
"रोज रोज कामून विचारतो त्याला? सेल मेला असंल."
लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून बशीत ठेवले.
"आपल्याकडं तर अख्ख्या मुलखाचं घड्याळ मागं होतं.
बाप सांगायचा, दिल्लीत झेंडा चढला,
इथं चढायला तेरा महिने लागले."
बोलताना हात थांबला नाही.
चिमट्यात रुपयाएवढा सेल, त्यावर २०३२.
द्वारकाबाई पदराच्या गाठीतले पैसे मोजता मोजता वाकल्या.
"ह्ये साल हाय का?"
"नंबर आहे, बाई. इतक्या पुढचं मी ठेवत नाही."
पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.
चहा घेतला, अर्धा.

साडेसहाला लाइट गेली.
स्टँडवर पाथरीच्या गाडीचा पुकारा अंधारातच झाला.
आली तेव्हा पंखा फिरायच्या आधी
मी कोपऱ्यात पाहिलं.
सहा बावन्न. तारीख आजची.

"कित्ते बजे?" भिंतीपलीकडून.
"सहा बावन्न, चाचा."
स्टूल ओढल्याचा आवाज आला.
मी डोकावलो.
ते भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा
बोटानं बावन्नवर आणत होते,
आणि मग, माझा आवाज पोचेपर्यंत
जे काही गेलं असेल ते धरून,
किंचित पुढं.